घामाची तक्रार आणि गच्चीवरचे बोंबील

प्रणाली माझ्यासमोर उभी होती आणि बसायला तयार नव्हती.

"बस गं."

"उभीच बरी हाय, मॅडम."

"मला मान वर करून बोलायची सवय नाही. बस."

"खुर्ची खराब होल तुमची."

मे महिना होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि क्लिनिकमधला एसी चालू होता. प्रणाली पाटील, सत्तावीस वर्षांची. गडद निळा युनिफॉर्म, चकचकीत बूट, खांद्याला शिट्टीची दोरी. हातात कंपनीचा कागद, त्यावर 'फिट / अनफिट, लागू नसेल ते खोडा' असं छापलेलं. म्हणजे मी एक शब्द खोडला की तिची नोकरी राहणार किंवा जाणार.

इरा आणि नील, तुमचा समज आहे की आजी रिटायर होऊन शब्दकोडी सोडवते. बाळंतपणं करणं मी थांबवलं, हे खरं. पण आठवड्यातून तीन सकाळी मी पनवेलच्या क्लिनिकमध्ये बसते, आणि एका सिक्युरिटी एजन्सीची मेडिकल ऑफिसर आहे. त्यांच्या महिला गार्डची तपासणी माझ्याकडे असते. इराने मागच्या फोनवर विचारलं, की आजी, तुझ्या पेशंट तुला लाजतात का? लाजतात. ही त्यांतल्याच एकीची गोष्ट. नीलनेही वाचावी. घाम त्यालाही येतो.

पळस्प्याजवळ एक मोठं गोडाउन आहे. प्रणालीची ड्यूटी तिथे. गोडाउनमध्ये काम करणाऱ्या बायका सुट्टी होऊन बाहेर पडताना त्यांची अंगझडती घ्यायची, त्याला फ्रिस्किंग म्हणतात. त्यासाठी गेटजवळ पडदा लावलेली एक पत्र्याची केबिन. ही तिची 'पोस्ट'. सिक्युरिटीच्या धंद्यात पोस्ट हा फार गंभीर शब्द आहे. तुमच्या जागी उभा राहणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. आणि प्रणाली दिवसातून पाच-सहा वेळा सोडत होती. सहा महिन्यांचं प्रोबेशन महिनाअखेर संपत होतं. तिच्या फाइलवर शेरा होता, 'वारंवार पोस्ट सोडते. कारण सांगत नाही.'

"कुठे जातेस मग?"

"बाथरूमला."

"पोट बिघडलंय?"

"नाय."

"लघवीला जळजळ?"

"नाय, मॅडम. घाम येतो."

"कुठे?"

"खाली."

"खाली म्हणजे तळपायाला?"

"नाय, वरती."

"वरती म्हणजे काखेत?"

आता तिला हसू आलं. हसली की माणूस बसतो, हा माझा अनुभव आहे. ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली.

"जांघेत," मी म्हटलं. "आणि पुढे आणि मागे. बरोबर?"

"हां. तिथंच."

मग सगळं बाहेर आलं. पाण्याची बाटली सांडावी तशी पँट भिजायची. केबिनमधली खुर्ची रेक्झिनची. उठलं की खुर्चीवर डाग दिसायचा. एकदा एका पुरुष गार्डने चार लोकांसमोर विचारलं, "काय पाटील, पाणी सांडलं का?" त्या दिवसापासून ती बसायची बंद झाली. नऊ तास उभी. आणि दर दीड तासाने आवार ओलांडून बाथरूमला जाऊन पॅड बदलायची. पाळी नसतानाही रोज पॅड, घाम शोषायला. पँटवर डाग येऊ नये म्हणून आत घट्ट नायलॉनची शॉर्ट. सकाळी अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिकचं टोपण, एक नाही, दोन. वर वासाची पावडर. आणि खाज सुटायला लागल्यावर मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब.

"आणि सब्जाचं पाणी पिते," ती म्हणाली. "अंगात उष्णता झाली हाय ना."

"सब्जा चालू दे. त्याने कुणाचं वाईट होत नाही. बाकीचं सगळं बंद."

डॉक्टरी भाषेत पेशंटला सगळे प्रश्न क्रमाने विचारण्याला हिस्टरी घेणं म्हणतात. निम्मं निदान त्यातच होतं. माझा हिस्टरीचा स्वतःचा फॉर्म आहे, दोन पानी, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. तुमचे आजोबा म्हणतात की पासपोर्टलासुद्धा इतके प्रश्न विचारत नाहीत. मी तो पूर्ण भरला. वजन बेताचं. पाळी वेळेवर. कुठली गोळी चालू नाही. काही गोळ्यांनीही घाम वाढतो, म्हणून विचारावं लागतं. साखर आणि थायरॉइड तपासायला पाठवलं, कारण दोन्हींत घाम सुटू शकतो. दोन्ही नॉर्मल आले.

तेव्हा जे उरतं ते साधं आहे. जांघेत घामाच्या ग्रंथी असतात, कातडी कातडीला घासते आणि वारा लागत नाही. काही जणींना इतरांपेक्षा जास्त घाम येतो. यात अस्वच्छपणा नाही आणि कुणाची चूकही नाही. पण घाम दिवसभर साठून राहिला की तिथे बुरशी येते. प्रणालीला ती आलेली होती, दोन्ही जांघांत, लाल कडा असलेले चट्टे. मेडिकलवाल्याच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आणखी ऐसपैस पसरते. अँटिसेप्टिकने कातडी भाजते. पॅडच्या प्लास्टिकने वाफ कोंडते. बिचारीने जे जे उपाय केले होते ते सगळे आगीत तेल होते, आणि सगळे जाहिरातीत दाखवतात तसे नीट केलेले.

मी लिहून दिलं. साधं पाणी, बाहेरून सौम्य साबण, आत काहीही नाही. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. बुरशीचं साधं मलम चार आठवडे, खाज थांबली तरी मध्येच सोडायचं नाही. नायलॉनची शॉर्ट आणि रोजचं पॅड बंद. सैल, सुती चड्ड्या, सहा. ड्यूटीवर जाताना दोन जास्तीच्या पिशवीत न्यायच्या आणि ओली झाली की बदलायची. 'सुती'खाली मी रेघ मारली. मला रेघ मारायला आवडतं.

"दहा दिवसांनी ये," मी म्हटलं. कंपनीच्या कागदावर 'तपासणी चालू' असं लिहून सही केली.

दहा दिवसांनी ती आली. चट्टे वाढलेले होते.

त्याच सकाळी एजन्सीचे मॅनेजर सावंत यांचा फोन येऊन गेला होता. सावंत चांगला माणूस, पस्तिशीचा, फार सभ्य. इतका सभ्य की बायकांच्या कुठल्याही आजाराला तो 'तो विषय' म्हणतो.

"मॅडम, त्या पाटील गार्डचं काय करायचं? क्लायंट विचारतोय. तो विषय असेल तर मी जास्त विचारत नाही."

"कोणता विषय?"

"तोच, मॅडम."

"सावंत, मी चाळीस वर्षं त्याच विषयात आहे. महिनाअखेरीला अजून बारा दिवस आहेत. थांबा."

त्यामुळे चट्टे बघून मी प्रणालीवर चिडले. मला वाटलं की हिने ऐकलंच नाही.

"नायलॉनची शॉर्ट घातलीस ना?"

"नाय, मॅडम. शप्पथ. सुतीच घालते. तुमी बोल्लात तशा सहा आणल्या."

"ड्यूटीवर बदलतेस?"

"दोनदा." तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "ही बघा, आजची जास्तीची."

मी पिशवीत हात घातला. कापड गार लागलं. बाहेर काढून नाकाजवळ नेलं. प्रणालीने शरमेने डोळे मिटले. पावसात न सुकलेल्या टॉवेलला येतो तो कुबट वास होता.

"ही ओली आहे."

"ओली कशी आसंल? परवा धुतली."

"वाळत कुठे घालतेस?"

तिने रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली. पहिल्या दिवशी 'कुठे घाम येतो' विचारल्यावर लाजली नव्हती इतकी आता लाजली.

"न्हाणीत," शेवटी म्हणाली. "दोरीवर. वरनं साडी टाकते."

"साडी कशाला?"

"दिसाय नको म्हणून. घरात सासरे हायेत, दीर हायेत."

न्हाणीघर. खिडकी वीतभर. दिवसभर कुणी ना कुणी अंघोळ करणार, वर साडीचं पांघरूण, आणि पनवेलची दमट हवा. मी डोक्याला हात लावला, स्वतःच्याच. नायलॉन झटकलं तरी अर्धं वाळतं, तेवढं एक त्याचं पुण्य होतं. सुती कापड पाणी धरून ठेवतं. माझं औषध घेऊन ती रोज ओलसर, कुबट कापड अंगाला बांधून नऊ तास उभी राहत होती. सुती कपडे मी रेघ मारून लिहून दिले होते. ऊन लिहून द्यायला विसरले होते. दोन पानी फॉर्ममध्ये मी तिला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का तेही विचारलं होतं.

त्या दुपारी घरी आले आणि सरळ मागच्या गॅलरीत गेले. पुढच्या दोरीवर तुमच्या आजोबांचे बनियन आणि चड्ड्या भर उन्हात झेंड्यांसारख्या फडफडत होत्या. माझे कपडे मागच्या दोरीवर, भिंतीकडे, मोठ्या टॉवेलखाली.

"मी कधी म्हटलं होतं का लपव म्हणून?" आजोबांनी पेपरातून विचारलं.

"तुम्ही नाही म्हटलंत. कुणीच नाही म्हटलं. तरी पाठ आहे."

"तू एमडी आहेस ना?"

मी टॉवेल काढला. समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीबाई दोन दिवस माझ्याशी जरा जपून बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्याही गॅलरीत टॉवेल दिसला नाही.

पण मी सत्तरी ओलांडलेली आहे, घर माझं आहे. प्रणालीला तसं करता येणार नव्हतं. मी तिला फोनवर सांगितलं की गच्चीवर वाळत घाल. ती म्हणाली, सासू ऐकणार नाही. सासूचं आधीपासून म्हणणं होतं की पँट घालून गेटवर उभं राहणं हे सुनेचं काम नव्हे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला कुणी पाठवणार नाही, हे प्रणालीला पक्कं माहीत होतं. आधी घरीच होती. परत घरीच बसावं लागलं असतं.

"सासूला घेऊन ये," मी म्हटलं. "मी ओरडणार नाही म्हणून सांग."

दोन दिवसांनी सासू आली. ठसठशीत बाई, नाकात चमकी, हातात पिशवी. मी बोलायच्या आत तिनेच सुरुवात केली.

"डॉक्टरीणबाय, हिला सांगा, एवढा घाम येतो तर घरी बस."

"तुमच्या घरी पंखा आहे?"

"हाय की. एसी पन हाय."

"मग घरी घाम येणार नाही. पण आजार तुमच्या घरातूनच येतोय."

ती ताठ झाली. "आमच्या घरात? घर आरशासारखं हाय. या बघायला."

"गच्ची आहे?"

"मोठी."

"गच्चीवर काय वाळवता?"

"सध्या बोंबील हायेत. जवला हाय. पापड झाले."

"बोंबील न्हाणीत का नाही वाळवत? साडी टाकून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बाई फार हुशार आहे की बिनडोक आहे, हे ठरत नसल्यासारखी.

"सडतील ना," ती म्हणाली.

"मग?"

प्रणाली खाली बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. सासूला कळायला चार सेकंद लागले. कळल्यावर तिने आधी सुनेकडे बघून घेतलं आणि मग ती खुर्ची माझ्याकडे ओढून बसली.

"बाय, तुमी बोलता ते खरं. पन बोंबलाची कसली लाज? खाली तीन मजले भाडोत्री हायेत. गच्चीवर सगले येतात. गावाला आमचं मागं परसू होतं. तिकडं कुंपणाला कपडे टाकायचो, पुरुषमानूस फिरकायचा नाय. कडक ऊन. आता गाव विमानतलात गेलं. हितं करंजाड्याला प्लॉट दिला, घर बांधलं मोठं. पन परसू कुठनं आनायचं?"

हिचं गाव असताना तिथे ही अडचणच नव्हती, हे मला ठाऊक नव्हतं. मी काही तरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "साडी वरून टाकली नाही, तर चालेल का?"

"वरनं नको तर कुठनं?"

"बाजूने."

ती विचार करायला लागली. मग तिनेच बोटाने माझ्या टेबलावर चौकोन काढला. चार बांबू. बोंबील वाळवायला बांबूची मांडणी असतेच गच्चीवर. तिच्याच एका कोपऱ्यात चारी बाजूंनी जुनी साडी बांधायची, माणसाच्या डोक्याएवढी उंच. वर उघडं. बाहेरून बघणाऱ्याला साडी दिसेल. वरून फक्त ऊन.

"बोंबलांपासून जरा लांब," मी म्हटलं. "वास येईल."

"तेवढी अक्कल हाय मना."

उठताना तिने प्रणालीला बाहेर थांबायला सांगितलं. दार लागल्यावर हळूच विचारलं, "ती सुनेला दिली ती ट्यूब अजून एक हाय का?"

"कुणासाठी?"

"शेजारची एक बाई हाय."

"शेजारणीला किती वर्षं त्रास आहे?"

"हितं राह्यला आल्यापासनं."

मी शेजारणीला तिथल्या तिथे तपासलं. शेजारणीला तेच चट्टे होते आणि साखरही वाढलेली निघाली. तिचे उपचार वेगळे सुरू केले.

घरचा प्रश्न असा सुटला. आठवड्यात प्रणालीचे चट्टे फिके पडायला लागले. पण घाम येतच होता, आणि महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. मेडिकल ऑफिसरला पोस्टची पाहणी करायचा अधिकार असतो. मी तो कधी वापरला नव्हता. दुपारी दोन वाजता मी पळस्प्याला गेले आणि सावंतांना फाइल घेऊन तिथेच बोलावलं.

केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. एक पडदा, एक टेबल, एक लाल रेक्झिनची खुर्ची. पंखा नाही. प्रणालीला मी रिलीव्हर देऊन सावलीत पाठवलं.

"बसा, सावंत."

"मॅडम, तुम्ही बसा."

"माझ्या गुडघ्यांना मऊ खुर्ची चालत नाही. मी स्टुलावर बसते."

ते बसले. मी रजिस्टर मागितलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. अंगझडतीच्या वेळा विचारल्या. शिफ्ट विचारल्या. रिलीव्हर कोण, कधी येतो, नाही आला तर कोण. प्रत्येक उत्तर मी वहीत नीट लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मी शिस्तीची आहे हे सावंतांना माहीत आहे, त्यामुळे त्यांना संशय आला नाही. पंचवीस मिनिटांनी मी वही मिटली.

"झालं. चला बाहेर."

सावंत उठले आणि चटकन फाइल मागे धरली. मागे धरूनच दारातून तिरके बाहेर पडले.

"फाइल द्या, सही करते."

"देतो, मॅडम. ऑफिसमध्ये बसून करू."

"इथेच करते. द्या."

ते जागचे हलले नाहीत. घाम कपाळावरून हनुवटीपर्यंत आला होता. मग माझ्याकडे बघून हळूहळू हसायला लागले.

"मॅडम, तुम्ही मुद्दाम केलंत."

"तुम्ही पंचवीस मिनिटं बसलात. ती नऊ तास असते. तुमच्या पँटवर जे झालंय त्याला आपण 'तो विषय' म्हणायचं का?"

"घाम म्हणू, मॅडम."

"म्हणजे तिच्या फाइलवरही घामच म्हणायचं."

"पंख्याचं मी दोनदा लिहिलं होतं," ते म्हणाले. "क्लायंट म्हणतो, केबिनला पॉइंट नाही."

"आता तिसऱ्यांदा मी लिहिते."

कागदावर मी 'अनफिट' खोडलं. शेऱ्याच्या जागी प्रणालीच्या शरीराबद्दल एक शब्द लिहिला नाही. पेशंटची गोष्ट मॅनेजरला सांगायची नसते. केबिनबद्दल लिहिलं. पोस्टवर असह्य उष्णता, पंखा लावावा. रेक्झिनऐवजी विणलेली खुर्ची द्यावी. महिला गार्डना जाड पॉलिएस्टरऐवजी सुती मिश्रणाची पँट द्यावी. शिफ्टमध्ये तीन वेळा दहा मिनिटं रिलीव्हर. खाली सही, शिक्का, आणि दोन ठिकाणी रेघ.

पंखा तीन दिवसांत आला. खुर्ची आली. पँट मात्र अजून यायची आहे. त्यासाठी सावंत सँपल मागवताहेत आणि दर आठवड्याला मला फोन करून कापडाचा प्रकार विचारतात. 'तो विषय' हा शब्द त्यांनी सोडला आहे. आता 'व्हेंटिलेशनचा विषय' म्हणतात.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रणालीला कायम केल्याचं पत्र मिळालं. तिने मला फोनवर फोटो पाठवला. पत्रात कारण लिहिलं होतं, 'समाधानकारक कामगिरी'. तिला घाम अजून येतो, इतरांपेक्षा जास्तच. तो तसा येणार, हे मी तिला सांगितलं आहे. फार झालं तर झोपताना जांघेच्या बाहेरच्या कातडीला लावायचं घाम कमी करणारं औषध असतं, ते पुढे बघू. सध्या ती ब्रेकला जाऊन बदलते, परत येते आणि पोस्ट सांभाळते.

इरा, तुमच्याकडे ड्रायर आहे, तेव्हा तुला यातलं काही लागणार नाही असं वाटेल. जिममधून आल्यावर त्याच घट्ट कपड्यांत दोन तास लॅपटॉप घेऊन बसतेस, ते मला व्हिडिओ कॉलवर दिसतं. आधी बदल, मग बस. नील, तूही.

आणि एक धडा माझ्यासाठी, कारण इतक्या वर्षांनंतर तो मला शिकावा लागला. सल्ला क्लिनिकमध्ये देतात, पण तो पाळायचा असतो घरी, जिथे सासरा आहे, दीर आहे, तीन मजले भाडेकरू आहेत. तेव्हा काय घालायचं हे सांगायच्या आधी, ते वाळणार कुठे, एवढं विचारून घ्यावं.